पुस्तक छापायला देताय? मराठी फाइल प्रेसला पाठवण्याआधी एवढं कराच

टायपिंग झालं, दोन-तीन जणांनी वाचलं, आता पीडीएफ करून प्रेसला पाठवली की सुटलो, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिला कवितासंग्रह पदरमोड करून काढणारे, संस्थेची स्मरणिका गळ्यात पडलेले चिटणीस, मंडळाचा अंक अंगावर घेतलेले कार्यकर्ते, आजोबांच्या आठवणी छापून घेणारी नातवंडं. मुंबईतल्या छापखान्यांत अशी कामं घेऊन जाणं हेच माझं काम आहे आणि नव्या माणसाची तारांबळ दरवेळी ठरलेल्या जागीच उडते.

छापखान्यात तुमची फाइल कोणी वाचत नसतं, ती मशीनवर चढते. आकार, शाई, फॉन्ट, कण्याची जाडी यांतलं जे तुम्ही ठरवलं नाही ते सॉफ्टवेअर ठरवतं, नाहीतर रात्रपाळीचा ऑपरेटर. त्यात मराठी फाइल इंग्रजीपेक्षा दोन-चार ठिकाणी जास्त मोडते, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या इंग्रजी सूचनांत त्या जागांचा उल्लेखही नसतो.

१. फाइलला हात लावण्याआधी छापखान्यात जाऊन या

बहुतेक जण उलटं करतात. वर्डमध्ये ए-४ आकारात सगळं सजवतात आणि मग छापखाना शोधतात. गिरगाव असो, प्रभादेवी असो की वडाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा, आधी तिथे जा आणि ह्या गोष्टी विचारून लिहून घ्या:

- पुस्तकाचा कापून तयार झालेला आकार, मिलिमीटरमध्ये
- कागद कोणता आणि किती जीएसएमचा (चौरस मीटरला किती ग्रॅम वजनाचा)
- एका फॉर्ममध्ये किती पानं बसतात
- बाइंडिंग कोणतं: गम, शिवण की पिन
- छपाईची प्लेट सीटीपीवर (संगणकातून थेट) निघणार की ट्रेसिंग कागदावरून
- पीडीएफ कोणत्या प्रकारची हवी

आपल्याकडे कथा-कादंबरीला डेमी १/८ हा आकार सर्रास चालतो, म्हणजे साधारण ५.५ × ८.५ इंच, १४० × २१६ मिमी. दिवाळी अंक त्याहून मोठा, बहुधा ७ × ९.५ इंचांच्या आसपास. पण ‘डेमी’ म्हटल्यावर प्रत्येक छापखान्याचं कटिंग दोन-चार मिलिमीटरने इकडेतिकडे असतं. म्हणून नुसतं नाव घेऊ नका, आकडा घ्या.

फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी छापून घडी घातलेली पानं, बहुतेक १६. तुमचं पुस्तक २०८ पानांचं असेल तर बरोबर १३ फॉर्म. २१० झालं की दोन पानांसाठी नवा फॉर्म उघडावा लागतो, आणि त्याची प्लेट, कागद, मशीनचा वेळ सगळं बिलात येतं. अशा वेळी लेखकाला मनोगत थोडं आटोपतं घ्यायला सांगावं. तो रुसेल, पण पैसे त्याचेच वाचतात.

वेळेचंही विचारा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत मुंबईत मशीन रिकामं मिळणं कठीण, कारण दिवाळी अंक रांगेत असतात. त्यांच्या पाठोपाठ कॅलेंडरं आणि डायऱ्या. निवडणूक लागली तर पत्रकांपुढे पुस्तकाला कोण विचारतो! जुलै-ऑगस्टमध्ये मशीन मिळतं, पण दमट हवेत कागद वाकतो आणि शाई वाळायला वेळ घेते. घाईने कापलेल्या पुस्तकात समोरच्या पानावर शाईचे डाग उमटलेले मी पाहिलेत. प्रकाशन समारंभाचा हॉल बुक करायच्या आधी हा हिशेब करा.

२. हे जवळ असू द्या

- अंतिम मजकुराची एकच फाइल, नावात तारीख घातलेली
- वापरलेल्या सगळ्या फॉन्टच्या फाइली
- फोटोंच्या मूळ फाइली. व्हॉट्सॲपवरून आलेल्या नव्हेत
- मांडणीचं सॉफ्टवेअर: इनडिझाइन, किंवा फुकट हवं असेल तर स्क्रायबस
- ॲक्रोबॅट प्रो, निदान ते असलेला एखादा मित्र
- आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक
- फोटो, चित्रं, उद्धृत केलेल्या कविता यांच्या लेखी परवानग्या

आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. ‘आयएसबीएन काढून देतो, इतके हजार द्या’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. अर्ज मात्र लवकर टाका, कव्हर तयार झाल्यावर नको. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

३. मजकूर आधी पक्का, मांडणी नंतर

पानं लावल्यावर परिच्छेद घालायचा मोह प्रत्येक लेखकाला होतो. एक परिच्छेद वाढला की पुढची सगळी पानं सरकतात, अनुक्रमणिका चुकते, फोटो भलत्याच पानावर जातात. मुद्रितशोधन वर्डमध्येच संपवा आणि लेखकाला बजावून ठेवा की यापुढे फक्त चुका दुरुस्त होतील.

आता मराठीचं खास दुखणं. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) आहे की श्री-लिपी, आकृती, डीव्ही-सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये? ओळखायची सोपी खूण: फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी मराठीच राहिलं तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झाला तर जुना फॉन्ट.

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, क आधी. त्यामुळे कन्व्हर्टरमधून काढलेला मजकूर ९५ टक्के बरोबर येतो आणि उरलेल्या पाचात जीव जातो. रफार शेजारच्या अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी सुटी पडते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं, आकडे बदलतात. आकडे विशेष करून तपासा, कारण जोडाक्षर मोडलं तर डोळ्यांना खुपतं, पण १९६२ चं १९६५ झालेलं कुणाला खुपत नाही.

मी युनिकोडच्या बाजूचा आहे. पुढे ई-बुक काढायचं असेल, मजकूर शोधायचा असेल, दुसरी आवृत्ती काढायची असेल तर त्याला पर्याय नाही. पण समोरचा ऑपरेटर वीस वर्षं श्री-लिपीवर बसलेला आहे, काम फक्त छापायचं आहे आणि तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत, तर त्याला युनिकोडवर ढकलू नका. फॉन्ट पीडीएफमध्ये नीट एम्बेड झाला, म्हणजे फाइलच्या आतच साठवला गेला, की छापलेल्या पानावर काही फरक पडत नाही. मूळ मजकुराची युनिकोड प्रत मात्र स्वतःकडे ठेवा.

युनिकोडमध्येही दोन खड्डे आहेत. पहिला ‘दुसऱ्या’चा. घाईत टाइप केलेल्या मजकुरात हा शब्द ‘दुसर्या’ असा पडतो, म्हणजे चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र ऐवजी डोक्यावर रफार. वाऱ्यावर, बिचाऱ्या, तऱ्हा, कोऱ्या, सगळीकडे तेच. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय भाषांसाठी ठरवलेली कळांची मांडणी) शिफ्ट धरून ‘J’ची कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ मिळतो. त्याला हलन्त देऊन य किंवा ह जोडा. पूर्ण फाइलमध्ये ‘र्या’ आणि ‘र्‍या’ शोधा आणि एकेक बघून बदला. सरसकट ‘सगळे बदला’ केलंत तर ‘सूर्या’चा आणि ‘आचार्यां’चा बळी जाईल.

दुसरा खड्डा ‘ॲ’चा. ॲड., ॲक्टर, ॲप यांतला ॲ कुणी एका अक्षराने लिहितो, कुणी अ वर चंद्र चढवून. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना निम्मे सापडत नाहीत आणि काही फॉन्टमध्ये एका प्रकाराच्या जागी नुसता चौकोन छापला जातो. पुस्तकभर एकच पद्धत ठेवा.

४. फॉन्ट निवडताना ही ओळ टाइप करून बघा

तऱ्हा, दुसऱ्या, चिठ्ठी, उद्घाटन, ब्राह्मण, स्त्री, कर्तृत्व, वाङ्मय, शृंगार, हृदय, ॲड.

ह्या एका ओळीत ज्या फॉन्टचं जोडाक्षर मोडलं नाही तो पुढच्या फेरीला. मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आता पुष्कळ आहेत: मुंबईच्याच एक टाइपचा मुक्त, आयआयटी मुंबईचा शोभिका, टिरो देवनागरी मराठी. मुक्तच्या अक्षरांना टोकाच्या बारीक रेघा (सेरिफ) नाहीत, त्यामुळे शीर्षकाला आणि तक्त्यांना तो झकास. कादंबरीच्या मजकुरासाठी मी शोभिका किंवा टिरोकडे वळेन.

ल आणि श बघा. राज्य सरकारच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श धरला आहे, पण पुष्कळ फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे असतात. टिरो देवनागरी मराठीत मराठी वळण आधीपासून आहे. इतर काही फॉन्टमध्ये ते आत दडलेलं असतं आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तरच बाहेर येतं. भाषा ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ राहिली तर हिंदी ल छापून येतो, आणि नेमका एखादा जुना शिक्षक फोन करून ते सांगतो.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापलं. तिथे अक्षर हाताने लिहून दगडावर उतरवलेलं असल्यामुळे जोडाक्षर मोडण्याचा प्रश्नच नव्हता! आपल्याला ती चैन नाही.

५. पानांची मांडणी

इनडिझाइनमध्ये मराठी मजकूर आणला आणि वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, हलन्त उघडे पडले, तर फाइल खराब झालेली नाही. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत कंपोझर (अक्षरं जुळवणारी यंत्रणा) बदलून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ करा, अक्षरं आपापल्या जागी बसतील. हे प्रत्येक परिच्छेदाला हाताने करत बसू नका, परिच्छेद-शैलीत घाला. नाहीतर पुस्तकात कुठेतरी एक तळटीप जुन्या कंपोझरवर राहते आणि ती छापूनच दिसते. स्क्रायबस वापरत असाल तर १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. फार जुन्या आवृत्त्या देवनागरी जोडत नाहीत.

साधी, फक्त मजकुराची, एका रंगाची कादंबरी वर्ड किंवा लिब्रेऑफिसमध्येही निघते. त्याला नाक मुरडू नका. कागदाचा आकार कापलेल्या पुस्तकाइतका ठेवा, समास डाव्या-उजव्या पानांसाठी आरशासारखे उलटे ठेवा, आणि ती वर्ड फाइल छापखान्याला देऊ नका. त्यांच्या संगणकावर उघडली की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात, पानं वाढतात. द्यायची ती पीडीएफच.

डेमी १/८ ला आतला समास २० मिमी, बाहेरचा १५ च्या आसपास ठेवा. गम बाइंडिंगचं पुस्तक आडवं पसरत नाही, जाड पुस्तकाला आत आणखी २-३ मिमी द्या. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. देवनागरीत वर मात्रा-रफार, खाली उकार-ऋकार. १२ पॉइंटच्या अक्षराला १७-१८ पॉइंट लागतात. वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्कें’ला टेकला तर अंतर कमी आहे.

पडद्यावर मोठं करून बघण्यात अर्थ नाही. दोन पानं साध्या लेझर प्रिंटरवर शंभर टक्के आकारात काढा, कापा, एखाद्या पुस्तकात ठेवून वाचा. शक्यतो साठीच्या वाचकाला वाचायला द्या. तो पान लांब धरू लागला तर एक पॉइंट वाढवा.

पहिलं पान उजवीकडे येतं आणि विषम पानं उजवीकडेच राहतात. म्हणून कोरी पानं फाइलमध्ये कोरी म्हणूनच ठेवा. पीडीएफ ‘साफ’ करताना कुणीतरी ती काढून टाकतं आणि तिथून पुढे प्रत्येक पानाचा समास उलटा होतो.

६. फोटो

छापायच्या आकारात ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल. हा आकडा आकाशातून पडलेला नाही: आर्ट पेपरवर इंचाला साधारण १५० ओळींची ठिपक्यांची जाळी छापतात आणि फोटोत त्याच्या दुप्पट बिंदू असावेत असा जुना ठोकताळा आहे. पाच इंच रुंद फोटो हवा असेल तर फाइल १५०० पिक्सेल रुंद पाहिजे. ६०० पिक्सेलच्या फोटोवर फोटोशॉपमध्ये ३०० लिहिलं म्हणून तो ३०० होत नाही. रेघांची चित्रं, सही, नकाशे स्कॅन करताना मात्र १२०० ठेवा.

स्मरणिकेत सगळ्यात मोठा त्रास देतात ते पदाधिकाऱ्यांचे फोटो. गटावर ‘फोटो टाका’ म्हटलं की दाबून बारीक झालेले फोटो येतात. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ किंवा ई-मेल करा, असं पहिल्याच निरोपात लिहा. नंतर मागितले की अध्यक्ष चिडतात. वर्डमध्ये फोटो घालणार असाल तर सेटिंगमधलं चित्रं दाबणं (कॉम्प्रेस) आधी बंद करा.

मॅपलिथोसारख्या साध्या कागदावर शाई पसरते, म्हणून आतल्या पानांवरचे कृष्णधवल फोटो पडद्यावर किंचित फिके वाटतील इतके उजळ ठेवा. जुना लग्नाचा फोटो पडद्यावर सुरेख दिसतो आणि छापून आल्यावर नवरदेवाचा कोट आणि मागची भिंत एक होते.

७. काळा रंग: इथे थांबून वाचा

वर्डमधला काळा रंग आरजीबी असतो, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या पद्धतीतला. फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगने त्याचं सीएमवायके (छपाईच्या सायन, मॅजेन्टा, पिवळ्या, काळ्या शाया) केलं तर तो ७५-६८-६७-९० असा होतो. म्हणजे एकेका अक्षरावर चार शाया, एकूण ३०० टक्के. चारही प्लेटा केसभरही सरकल्या नाहीत असं मशीनवर क्वचितच घडतं. भिंग लावून बघा: अनुस्वाराच्या एका बाजूला निळसर, दुसऱ्या बाजूला गुलाबी कड, आणि शिरोरेघेखाली पिवळी सावली. नुसत्या डोळ्यांना एवढंच जाणवतं की छपाई जरा धूसर आहे. दोष मशीनमनला दिला जातो, पण तो फाइलमध्ये असतो.

एका रंगाच्या पुस्तकात हाच काळा दुसऱ्या प्रकारे दगा देतो. फाइल करड्या छटांत बदलताना अक्षर १०० ऐवजी ९० टक्क्यांवर येतं. मग ते भरीव छापलं न जाता ठिपक्यांच्या जाळीत छापलं जातं, आणि बारीक टायपाच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

मजकुराचा काळा म्हणजे सी ०, एम ०, वाय ०, के १००. बाकी काही नाही. इनडिझाइनच्या रंगांच्या यादीत ‘ब्लॅक’ आणि ‘रजिस्ट्रेशन’ दोन्ही पडद्यावर काळेच दिसतात. रजिस्ट्रेशन फक्त खुणांसाठी असतं, मजकुराला लावाल तर चारही शाया १०० टक्के चढतील. कव्हरवर मोठा गर्द काळा पट्टा हवा असेल तर काळ्याच्या खाली थोडा सायन घालतात, पण त्याचं प्रमाण छापखान्याला विचारूनच.

काळ्या पट्ट्यावर पांढरी अक्षरं हवीत? चालेल, पण जाड फॉन्टमध्ये आणि १० पॉइंटच्या वर. देवनागरीतल्या बारीक रेघा आणि ‘ठ’, ‘ध’, ‘क्ष’ची पोटं शाईने भरून जातात.

पडद्यावरचे भगवे आणि मोरपंखी रंग सीएमवायकेत उतरत नाहीत. मंडळाच्या अंकावरचा झगझगीत भगवा छापल्यावर विटकरीकडे झुकतो. तो तसाच हवा असेल तर पाचव्या, खास शाईचा खर्च मान्य करा, नाहीतर आधीच सीएमवायकेत काम करून अपेक्षा जमिनीवर आणा.

८. कव्हर

कव्हरची फाइल नेहमी वेगळी, आणि मागचं पान, कणा, पुढचं पान अशी एकसलग. कण्याची जाडी काढायची ती अशी: पानांची संख्या भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. २०८ पानं म्हणजे १०४ कागद, कागद ०.०९ मिमीचा असेल तर ९.४ मिमी, कव्हर धरून साधारण १० मिमी. फुगीर बुक-प्रिंट कागद घेतला तर हाच आकडा बराच वाढतो. म्हणून त्याच कागदाची कोरी डमी (नमुन्याचं पुस्तक) बांधून मागा आणि पट्टीने मोजा. कोणताही बरा छापखाना ती देतो.

वरच्या उदाहरणात कव्हरची रुंदी १४० + १० + १४० = २९० मिमी, आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना निघून जाणारी जादा पट्टी) धरून फाइल २९६ × २२२ मिमी. पार्श्वभूमीचा रंग किंवा फोटो ब्लीडपर्यंत ताणा, अक्षरं मात्र कापाच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत. कण्यावरच्या मजकुरालाही दोन्हीकडे दीड-दोन मिमी सोडा, नाहीतर लेखकाचं आडनाव घडी घालताना पुढच्या पानावर येतं. फ्लॅप (कव्हरच्या आत दुमडणाऱ्या पट्ट्या) असतील तर त्यांची मापं आधी ठरवा.

बारकोड ईएएन-१३ प्रकारचा, पूर्ण आकारात ३७.२९ × २५.९३ मिमी. ८० टक्क्यांपर्यंत लहान केलेला चालतो. रंग फक्त के १००, मागे पांढरा चौकोन, दोन्ही बाजूंना मोकळी जागा. चित्रकाराने ‘थीमला साजेसा’ म्हणून लाल बारकोड केला तर दुकानातलं यंत्र तो वाचत नाही. लाल प्रकाशाला लाल रेघा दिसत नाहीत.

९. पीडीएफ काढणं

आतली पानं सुटी सुटी द्या, जोडपानं नको. पानं फॉर्ममध्ये उलटसुलट लावायचं काम छापखान्याचं सॉफ्टवेअर करतं, आणि तुम्ही आधीच जोडून दिलीत तर त्यांना ती परत कापावी लागतात.

प्रकार विचारलेला आहेच. कुणी काही सांगितलं नसेल तर पीडीएफ/एक्स-१ए निवडा. ह्या प्रकारात फॉन्ट एम्बेड होतात, आरजीबी राहत नाही, पारदर्शक थर सपाट होतात. एक्स-४ नवा आहे आणि पारदर्शकता तशीच ठेवतो, पण छापखान्याची यंत्रणा तेवढी नवी हवी. कव्हरला ब्लीड आणि कापाच्या खुणा चालू ठेवा. ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ हा पर्याय ई-मेलसाठी आहे, छपाईसाठी नाही.

वर्डमधून काढलेली पीडीएफ आरजीबीच असते. ती देणार असाल तर छापखान्याला लेखी सांगा की अक्षरं १०० टक्के काळ्यात बदलून द्या, आणि बदललेली फाइल परत मागून बघा.

१०. तपासणी

ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबा, फॉन्टच्या टॅबवर जा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ लिहिलेलं हवं. एकाही फॉन्टपुढे ते नसेल तर फाइल पाठवू नका.

ॲक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडा आणि काळी प्लेट बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. कुठे फिकट अक्षरं उरली तर ती चार रंगांत आहेत. बहुतेक वेळा ती वर्डमधून चिकटवलेल्या तळटिपा किंवा तक्ते असतात.

मग पूर्ण पीडीएफ पान-पान बघा. वाचायची नाही, बघायची: पानांकांचा क्रम, अनुक्रमणिकेतले आकडे, प्रकरणांची सुरुवात, शेवटच्या ओळीत एकटा पडलेला शब्द, आणि चौथ्या मुद्द्यातली ती जोडाक्षरं. ही तपासणी ज्या संगणकावर काम केलं तिथे करू नका. तिथे सगळे फॉन्ट बसवलेलेच असतात आणि चूक झाकली जाते.

देवनागरी पीडीएफमधून मजकूर परत कॉपी केला तर तो अनेकदा मोडका निघतो, त्यामुळे पीडीएफला तुमची जतन केलेली प्रत समजू नका.

११. सुपूर्द करणं आणि मशीनवरची सही

फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता: पुस्तकाचं नाव, आतली पानं की कव्हर, तारीख. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ ही पद्धत सोडा. पेन ड्राइव्ह किंवा ड्राइव्हची लिंक द्या आणि सोबत एका ई-मेलमध्ये आकार, पानं, कागद, बाइंडिंग, लॅमिनेशन मॅट की ग्लॉस, प्रती किती, हे सगळं लिहा. फोनवर बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि वाद झाला की तोच ई-मेल कामी येतो.

प्रती शंभराच्या आत असतील तर डिजिटल छपाईच परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेट, म्हणजे प्लेटवरची छपाई. मधल्या आकड्यांना दोन्हीकडचे भाव घ्या.

प्रूफ कागदावर मागा. कव्हरचं रंगीत, आतल्या पानांची घडी घातलेली डमी. डमीवर सही करताना पानं उलटून क्रम बघा, कारण सहीनंतरची चूक तुमच्या खात्यावर. जमलं तर पहिला फॉर्म मशीनवर चढेल तेव्हा हजर राहा. मशीनमन पहिले काही कागद शाई जुळवण्यात घालवतो. त्यानंतर निघालेला कागद उजेडात धरा, दोन्ही बाजूंचे मजकूर एकमेकांवर बसतात का बघा, काळा सगळीकडे सारखा आहे का बघा, आणि त्यावर सही-तारीख घाला. बाकीची छपाई त्या कागदाशी ताडून होते.

काम झाल्यावर इनडिझाइनचं ‘पॅकेज’ करून फॉन्ट, फोटो, मूळ फाइल आणि छापलेली पीडीएफ एका फोल्डरमध्ये दोन ठिकाणी ठेवा. डिझायनरकडून मूळ फाइल मागून घेण्याची बोली पैसे ठरवतानाच करा. नंतर मागितली की बहुतेकांच्या हार्ड डिस्क उडालेल्या असतात.

पुस्तकं हातात आली की वाटपाच्या आधी काही प्रती बाजूला काढा. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय यांना प्रत्येकी एक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढलंत तर प्रकाशक तुम्हीच. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावत्या त्याच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा.